एका दमात इंग्रजी

एलिफंट तोंडात घेऊन मी मधली रेषा ओलांडली, तेव्हा पलीकडे तानाजी मोहिते आणि त्याची टोळी हात पसरून उभी होती. 'ई एल ई पी एच ए एन टी, ई एल ई पी एच ए एन टी' असा माझा दम चालू होता. डावीकडे हूल दिली, उजवीकडे पाय टाकला. तानाजीचं लक्ष माझ्या पायांवर आणि बाकीच्यांचं माझ्या तोंडावर, कारण एखादं अक्षर मागंपुढं झालं तर पकडायचीसुद्धा गरज नसायची. सगळे मिळून 'बाद' म्हणायचे आणि चढाईला आलेल्याने मुकाट्याने बाहेर जाऊन बसायचं. त्या दिवशी माझी अक्षरं शाबूत राहिली. तानाजीच्या खांद्याला बोटं लावली आणि हत्तीसकट मी अलीकडे परत आले.

आमच्या रेठवडीच्या शाळेत इंग्रजी असं शिकवायचे. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. मी खरं सांगायला लागले की लोक नेहमी असंच तोंड करतात.

त्याचं असं झालं, की इंग्रजी शिकवायला म्हणून ज्या मास्तरांना नेमलं होतं ते एसटीने फाट्यापर्यंत आले, तिथून गावाकडे जाणारा रस्ता त्यांनी बघितला आणि कंडक्टरने घंटी मारायच्या आत त्याच एसटीत परत जाऊन बसले. राहिले बिडकर मास्तर. ते खेळ शिकवायला आलेले. ऐन उमेदीत पंचक्रोशीतले नावाजलेले चढाईबहाद्दर होते, पुढे एका सामन्यात गुडघा गेला. तो गुडघा असा काही वाजायचा, की मास्तर वेशीत आले की आम्ही वर्गात पुस्तकं उघडायचो. शाळेला घंटा होती, पण ती केवळ शोभेला.

हेडमास्तरांनी इंग्रजीचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. मास्तरांनी रीतसर फळ्यावर शब्द लिहिले, आमच्याकडून घोकून घेतले, छड्याही मारून बघितल्या. संध्याकाळी पाठ झालेली स्पेलिंगं सकाळी दप्तरातून बाहेर पडायची नाहीत. पोरांची डोकी म्हणजे भोकं पडलेली घागर झाली होती. मास्तर हैराण झाले. मग एके दिवशी ते मैदानाच्या कडेला विडी ओढत बसले असताना तानाजी चढाईला गेला. दोघांनी कंबर धरलेली, एक जण पायात, तोंडात माती, आणि तरी त्याचा 'हुतूतूतू' काही तुटेना. मास्तरांनी विडी विझवली. दुसऱ्या दिवशी इंग्रजीचा तास मैदानावर भरला.

नियम साधे होते. समोरची टोळी शब्द द्यायची. तो शब्द अक्षर अक्षर करून, एकाच दमात, न चुकता म्हणत चढाई करायची. पकडले गेलात तर तो शब्द तुमच्याच बोडक्यावर. तो घेऊन सुटून येईपर्यंत दुसरा मिळायचा नाही. एक पोरगा 'वेन्सडे' घेऊन दिवाळीपासून शिमग्यापर्यंत फिरत होता. हिप्पोपोटॅमस हा प्राणी आहे हे आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. आम्ही तो विलायतेतला आजार समजायचो, पण त्याचं स्पेलिंग झोपेत लाथा झाडत म्हणायचो. वर्षभरात गावाच्या कानात इंग्रजी एवढं मुरलं, की शिवारात भांगलणाऱ्या बायका ओळीला लागल्या की 'बटरफ्लाय'च्या तालावर खुरपी चालवायच्या. तानाजीच्या घरचा बैल 'टुमारो' कानावर पडल्याशिवाय औताला पाऊल उचलत नसे. तानाजीचे वडील मग बांधावर उभं राहून त्याला टुमारो म्हणायचे. त्यांना सही करता येत नव्हती.

पण मला सांगायचंय ते दुसरंच.

रेठवडीत मुलींनी हुतूतू खेळायचं नसे. तसा कुणी कायदा केला नव्हता, पण मुलगी मैदानात उतरली असं कुणी बघितलंच नव्हतं. आम्ही मुली लिंबाखाली सागरगोटे खेळायचो आणि पोरांची मारामारी बघायचो. इंग्रजीचा तास मैदानावर गेला आणि पंचाईत झाली. वर्गात निम्म्या मुली, त्यांना इंग्रजी नको म्हणून कसं सांगणार? मास्तरांनी आम्हाला ओढण्या, परकर खोचायला सांगितलं आणि उतरवलं. पहिल्याच चढाईत मी दोघांना शिवून परत आले, आणि त्या दिवसापासून माझं अन्नपाण्यावरचं लक्ष उडालं. खरं सांगते, मला इंग्रजीचं काडीएवढं कौतुक नव्हतं. मला ते मैदान पाहिजे होतं.

घरी मात्र मी इंग्रजीला जाते म्हणूनच सांगायची. माझे वडील, आण्णा, शेतातून आले की जेवून झोपायचे. घरचं सगळं आई बघायची, आणि आईच्या नजरेतून काही सुटायचं नाही. एकदा परकरावर माती, कोपर सोललेलं आणि दोन्ही गुडघ्यांतून रक्त, अशी मी दारात उभी राहिले. तिने चुलीपुढून मान वर केली.

"इंग्रजीनं गुडघं फुटत्यात व्हय गं?"

"मोठा शब्द होता," मी म्हणाले.

तिने हळद लावली आणि पुढे काही विचारलं नाही. बाकी आयांनीही फारसं विचारलं नाही. इंग्रजी अवघड असतं हे सगळ्यांना ऐकून माहीत होतं.

आणि मग हसबनीस साहेब आले.

हे आमच्या तालुक्याचे शिक्षण विस्तार अधिकारी. अंगाने पैलवानासारखे, बुशशर्टाची बटणं ताणलेली, चेहरा मात्र सदा आंबट. न सांगता आले आणि वर्ग रिकामा बघून मैदानाकडे वळले. तेव्हा नेमकी मी चार जणांच्या खाली होते आणि तिथून 'एन ई आय जी एच बी ओ यू आर' असा आवाज येत होता. साहेबांनी मास्तरांना विचारलं हे काय आहे. मास्तर म्हणाले, "इंग्रजी चाललंय, साहेब."

साहेबांनी आम्हाला उठवलं, ओळीत उभं केलं. मुलींकडे नजर गेल्यावर त्यांचा चेहरा आणखी आंबट झाला. हे असलं शिक्षण त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, मुलींचे पालक उद्या तक्रार घेऊन आले तर उत्तर कोण देणार, वगैरे पुष्कळ बोलले. मास्तर खाली मान घालून ऐकत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, की पोरांना स्पेलिंगं येतात, हवं तर परीक्षा घ्या.

तालुक्याला त्या वर्षी पहिल्यांदाच स्पेलिंगची स्पर्धा होणार होती. साहेबांनी तीच अट घातली. प्रत्येक शाळेतून दोघं जण येणार होते. रेठवडीने ढाल आणली तर तास कुठेही घ्या, झाडावर घ्या. नाही आणली तर दुसऱ्या दिवसापासून इंग्रजी वर्गात, फळ्यापुढे, आणि मुली मैदानावर दिसता कामा नयेत.

मास्तरांनी तानाजीला आणि मला निवडलं. तानाजी म्हणाला, "शालन, तुला एकटीलाच काळजी. माझं मैदान कुठं जातंय?" ते खरंच होतं. शाळा सुटल्यावर पोरं खेळणारच होती. जायचं होतं ते आमचं. त्या महिन्यात मी पुस्तकातला एकही शब्द शिल्लक ठेवला नाही. विहिरीवर, गोठ्यात, पाणंदीत, जिथे जाईन तिथे रेषा मारायची आणि दम धरायचा. आमची म्हैस मला बघून अंग चोरायला लागली.

स्पर्धेच्या दिवशी मास्तर, तानाजी, मी आणि आई अशी आमची वरात एसटीत बसली. पोरगी तालुक्याला जाणार म्हटल्यावर मी येणार, असं आईने आधीच जाहीर केलं होतं. सभागृहात ती मागच्या बाकावर नऊवारी आवरून बसली, शेजारी भाकरीचं फडकं.

स्टेजवर लांब टेबल, त्यावर पांढरी चादर, पाण्याचे पेले, चकचकीत घंटी आणि मधोमध ढाल. टेबलामागे तिघं परीक्षक. मधल्या खुर्चीत हसबनीस साहेब. पहिल्या फेरीत प्रत्येक शाळेच्या एकाला सोपा शब्द विचारायचे, ते गुण नुसते सरावाचे. दुसऱ्या फेरीत एकच अवघड शब्द सगळ्या शाळांना फिरायचा आणि जो पहिल्यांदा बरोबर सांगेल त्याची ढाल.

तानाजीला आला बटरफ्लाय. बटरफ्लाय म्हणजे त्याच्या हाताचा मळ. पाठीवर तिघांना घेऊन त्याने तो कितीदा तरी रेषेपार नेला होता. तानाजी माईकपुढे ताठ उभा राहिला, हात शिवणीला चिकटवून, शिस्तीत. तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. घशातून नुसती हवा. घंटी वाजली, लोक हसले, तो खाली उतरला तेव्हा कानापर्यंत लाल झाला होता.

"काय झालं रं?" मी विचारलं.

"पाय हलत न्हाईत तर कसं बोलू?" तो म्हणाला.

मी तिथेच खुर्चीत बसून मनातल्या मनात एलिफंट म्हणून बघितलं. नाही आलं. कॅट म्हणून बघितलं. तेही नाही. अख्खं पुस्तक माझ्या पायात होतं आणि पाय खुर्चीखाली गप्प लोंबत होते. मी मास्तरांकडे बघितलं. त्यांच्याही ते ध्यानात आलं होतं. वर्षभर त्यांनी आम्हाला सगळं शिकवलं होतं, फक्त उभं राहून बोलायला शिकवायचं राहून गेलं होतं.

दुसरी फेरी सुरू झाली. शब्द होता हँडकरचीफ. एका शाळेने त्यातला डी गाळला, दुसऱ्या शाळेने शेवटी नको ती अक्षरं जोडली, एक मुलगी निम्म्यावर रडायला लागली. तालुक्याच्या मोठ्या शाळेचा पोरगा, टाय घातलेला, अगदी जवळपास पोचला आणि सीच्या जागी के म्हणून बसला. शब्द सगळ्यांना पाडत पाडत शेवटी माझ्याकडे आला.

मी स्टेजवर गेले. माईकपुढे उभी राहिले. साहेबांनी मला ओळखलं, त्यांच्या ओठांच्या कडा आणखी खाली गेल्या. त्यांनी शब्द उच्चारला. मी तोंड उघडलं आणि तानाजीसारखीच घशातून नुसती हवा आली. समोर सगळं सभागृह, मागच्या बाकावर आई. साहेबांचा हात घंटीकडे सरकायला लागला. तो हात घंटीला टेकला की संपलं. उद्यापासून लिंबाखाली सागरगोटे.

मी चपला काढल्या. टाचेने माईकपाशी स्टेजवर एक आडवी रेघ ओढली. फळ्यांवर धूळ होती, ती चांगली उमटली. खाली वाकून रेघेला हात लावला, तो कपाळाला लावला. परकर खोचला. मग मी छाती भरून श्वास घेतला आणि टेबलाकडे वळून निघाले.

"एच ए एन डी के ई आर सी एच आय ई एफ, एच ए एन डी के ई आर सी एच आय ई एफ..."

काय सांगू, पाय हलले आणि अक्षरं अशी धावत आली जशी संध्याकाळी गोठ्याकडे गुरं. डाव्या हाताचे परीक्षक खुर्चीसकट मागे सरकले. उजवीकडच्या बाईंनी पदर सावरला. मी डावीकडे हूल दिली, उजवीकडे वळले, आणि चादरीवरून हात लांबवून हसबनीस साहेबांच्या खांद्याला बोटं लावली.

आता तिथे कुणीही दुसरा असता तर रागावला असता. पण आमच्या भागात ज्या माणसाच्या पायाला लहानपणी माती लागली आहे त्याच्या अंगात काही गोष्टी मुरलेल्या असतात, आणि त्या बुशशर्ट घालून जात नाहीत. शिवून कुणी परत निघालं की त्याला जाऊ द्यायचं नसतं. साहेबांनी विचार केला नसावा. टेबलावरून त्यांनी अशी झेप घेतली, की चादर, पेले, घंटी आणि ढाल सगळं त्यांच्याबरोबर निघालं, आणि खाली पडता पडता त्यांनी माझा डावा घोटा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

पकड अस्सल होती. मी तोंडावर पडले. पण दम तोडला नाही. रेघ दहा हातांवर होती आणि माझ्या पायाला एक अख्खा विस्तार अधिकारी. मी कोपरांवर ओढायला लागले. एच ए एन डी. साहेब सरकले. के ई आर. त्यांच्यामागून चादर सरकली. सी एच. चादरीतली घंटी दर ओढीला वाजत होती. खाली तानाजी खुर्चीवर उभा राहिला होता. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, छातीत भाता फुटतोय असं वाटलं, आणि आय ई एफ म्हणता म्हणता मी हात लांब केला. मधलं बोट रेघेच्या पलीकडे टेकलं.

मी थांबले. सभागृहात कुणी श्वास घेत नव्हतं, एक मीच काय ती घेत होते.

परीक्षक बाई सावरून म्हणाल्या, की स्पेलिंग एकदाच सांगायचा नियम आहे, या मुलीने ते कितीतरी वेळा सांगितलं, शिवाय हे जे काही झालं ते...

साहेब अजून पालथेच होते. बुशशर्टाची बटणं निघून गेली होती. चेहऱ्यावरचा आंबटपणा कुठे सांडला होता कोण जाणे, त्या जागी भलताच तरुण माणूस दिसत होता. त्यांनी माझा घोटा सोडला.

"प्रत्येक वेळी बरोबर सांगितलं," ते धापा टाकत म्हणाले. "मी बाद. ढाल तिची."

नंतर टाळ्यांनी सभागृहाचं छप्पर उडालं म्हणतात ते उगाच नाही. एक पत्रा खरंच निखळला होता, तो मी डोळ्यांनी बघितला. साहेबांनी ढाल पुसून माझ्या हातात दिली आणि बिडकर मास्तरांना म्हणाले, की तास जिथे चाललाय तिथेच चालू द्या, मुलींसकट. त्याची लेखी परवानगी वगैरे काय लागेल ते मी बघतो. मास्तरांचा गुडघा वाजला, ते जागच्या जागी उडाले होते.

साहेबांना जिंकलं, ढाल जिंकली. पण मागच्या बाकावर आई होती, आणि तिने आता सगळं बघितलं होतं. परकर खोचलेला बघितला, परक्या बाप्याने भर सभेत पाय धरलेला बघितला. एसटीत तिने ढाल मांडीवर घेतली, वर पदर टाकला आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी दोनदा काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. तिने भाकरी काढून हातात दिली. साहेबाने दिलेलं मैदान आई एका शब्दात काढून घेऊ शकते, हे मला भाकरीच्या घासाघासाला कळत होतं.

फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. मास्तर आणि तानाजी बातमी सांगायला पुढे पळाले, म्हणजे तानाजी पळाला आणि मास्तर वाजत गेले. रस्त्यावर आम्ही दोघीच राहिलो, दोन्ही बाजूंना ऊस. आईने ढाल एका दगडावर टेकवून ठेवली आणि माझ्याकडे वळली. मी खाली बघितलं.

"त्या सायबानं पाय धरला," ती म्हणाली, "तवा सरळ वढत का बसलीस?"

"म्हणजे?" मी खालमानेनेच विचारलं.

"घोटा धरला की उलटं त्याच्या अंगावर वळायचं. त्याचं मनगाट फिरतं अन् पकड सुटती. तू बैलावानी वढतीस. आज तो माणूस दमला म्हणून वाचलीस."

मी मान वर केली. ती अगदी साध्या आवाजात सांगत होती, भाकरीचं पीठ किती कोमट पाण्यात मळायचं ते सांगावं तशी. तिनेच सांगितलं, माहेरी तिच्या वस्तीवर मळणी झाली की रिकाम्या खळ्यात पोरी खेळायच्या. चढाईला आईच पहिली जायची. लग्न झालं, रेठवडीत आली, इथे कुणी विचारलं नाही आणि तिनेही कुणाला सांगितलं नाही.

"मग तुला ठाऊक होतं? माझं?"

"पयल्या दिवसापास्नं."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर थांबवायला लागलं असतं," ती म्हणाली.

तिने इकडे तिकडे बघितलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मग माझी आई, जिला गावात कुणी कधी पळतानासुद्धा बघितलं नव्हतं, तिने टाचेने धुळीत एक रेघ ओढली, पदर कमरेला आवळला, वाकून रेघेला हात लावला आणि म्हणाली, "धर मला."

तिला इंग्रजी येत नव्हतं. तिने हुतूतू घेतला. असला दम मी परत कधी ऐकला नाही, बारीक, न थरथरणारा, जणू लांब कुठेतरी जातं फिरतंय. ती माझ्याभोवती कुठून कुठे गेली ते मला आजही सांगता येणार नाही. कपाळाला तिची बोटं लागली. मी तिच्या घोट्यावर झेप घेतली, धरलाही, आणि ती माझ्याच अंगावर वळली. माझं मनगट फिरलं. हातात धूळ राहिली. मागे बघितलं तर ती रेघेपलीकडे उभी, हसत होती, पुढचा दात तुटलेला तो मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसला.

लांबून बैलगाडीचा आवाज आला तशी तिने पदर सोडून डोक्यावर घेतला, ढाल काखेत मारली आणि गावाच्या दिशेने चालायला लागली.

"उद्यापास्नं इंग्रजीला जाते म्हणू नको," ती मागे न बघता म्हणाली. "खेळायला जाते म्हण."

दुसऱ्या दिवशी मी उंबऱ्यात उभी राहून तसंच म्हणाले. जरा मोठ्यानेच म्हणाले. शेजारच्या ओसरीवर धान्य पाखडणाऱ्या चुलतीचा हात सुपावरच थांबला आणि ती आमच्या दाराकडे बघायला लागली.

आतून आईचा आवाज आला, "हरून यायचं न्हाई."